न दिसणाऱ्या हवेचा हिशोब लागला कसा?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत गॅसवरचे चार प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले होते की ते एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात आहे की तापमान आणि दाब सारखा असेल तर कुठल्याही वायूच्या सारख्या घनफळात रेणूंची संख्या सारखीच असते, आणि हे अ‍ॅव्होगॅड्रो नावाच्या माणसाने १८११ साली सांगितलं. ती विचारते, आई, तेव्हा रेणू दिसतील असं काहीच नव्हतं, मग मोजले कसे? मी कॉमर्सवाली. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले हे परीक्षेला येत नाही, सोडून द्या. पण ती काही सोडत नाहीये. — एक आई, ऐरोली

उत्तर : सोडू देऊच नका तिला. परीक्षेला न येणारा हाच प्रश्न त्या अख्ख्या धड्याचा जीव आहे.

आधी सरळ उत्तर देते. १८११ साली रेणू कोणीही मोजले नव्हते. एका लिटरमध्ये किती रेणू असतात याचा अंदाज अ‍ॅव्होगॅड्रोलासुद्धा नव्हता, त्याची पहिली बरी अटकळ लोश्मिट नावाच्या ऑस्ट्रियन शिक्षकाने १८६५ मध्ये बांधली आणि पक्का आकडा फ्रान्सच्या पेरँने १९०८ नंतर दिला. अ‍ॅव्होगॅड्रो फक्त एवढंच म्हणाला की संख्या कितीही असो, सारखी आहे. आणि 'किती' माहीत नसताना 'सारखे' कळू शकतं, हीच यातली गंमत आहे.

पण त्याच्या आधी एक मोठी अडचण होती, ती म्हणजे हवा पकडायची कशी. घन पदार्थ तराजूत ठेवता येतो, पाणी भांड्यात भरता येतं, पण काहीतरी तापवलं आणि त्यातून वायू सुटला की तो खोलीतल्या हवेत मिसळून गेला, संपलं. त्यामुळे कित्येक शतकं लोक सगळ्याच वायूंना एकच 'हवा' समजत होते, फार तर चांगली हवा आणि खराब हवा. बॉइलने १६६२ मध्ये दाखवलं की हवा दाबली की तिचं घनफळ त्याच हिशोबात कमी होतं, दाब दुप्पट तर जागा निम्मी, पण हवेचे प्रकार वेगळे असू शकतात हे तेव्हाही कोणाच्या डोक्यात पक्कं बसलं नव्हतं. १७२७ च्या सुमाराला स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने एक साधी युक्ती केली. पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं पाण्याच्याच टबात उलटं धरायचं आणि जिथे वायू सुटतोय तिथून नळी आणून तिचं तोंड त्या भांड्याखाली सोडायचं. बुडबुडे वर चढतात, पाणी खाली उतरतं, आणि वरच्या जागेत निव्वळ तो वायू उरतो, बाहेरची हवा मिसळलेलीच नाही! हे तुमच्याकडे बादली, बाटली आणि रबरी नळी घेऊन पाच मिनिटांत होतं, मुलीला जरूर करायला लावा. बाटलीवर आधीच मार्करने मापाच्या रेघा मारल्या तर किती वायू जमला तेही वाचता येतं. इतक्या साध्या सोयीवर पुढची सगळी गॅसची केमिस्ट्री उभी राहिली असं मी मानते, मोठमोठ्या थिअरींपेक्षा या उलट्या बाटलीचे उपकार जास्त आहेत.

काही वायू पाण्यात विरघळून जातात, ते असे हाती लागत नाहीत, म्हणून प्रीस्टलीने टबात पाण्याऐवजी पारा घेतला आणि अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड असे वायू पहिल्यांदा सुटे धरले. १ ऑगस्ट १७७४ ला त्याने पाऱ्याची लाल भस्मासारखी पूड घेऊन तिच्यावर १२ इंची भिंगाने ऊन पाडलं, त्यातून जो वायू निघाला त्यात मेणबत्ती भडकून जळायला लागली. तो ऑक्सिजन. स्वीडनच्या शीलने तो थोडा आधीच मिळवला होता, फक्त त्याचं पुस्तक उशिरा, १७७७ ला आलं.

त्याच्याही आधी, १७५० च्या दशकात स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक तराजू घेऊन बसला होता. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड भाजली की तिचं वजन घटतं, मग ते घटलेलं वजन गेलं कुठे, तर वायू होऊन उडून गेलं आणि तो वायू साध्या हवेपेक्षा वेगळा आहे हे त्याने सिद्ध केलं. हाच कार्बन डायऑक्साइड. त्याची खूण चुन्याच्या निवळीत मिळते. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी ग्लासात अलगद काढून घ्या आणि त्यात स्ट्रॉने हळूहळू फुंका. थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं. (फुंकायचंच फक्त, ओढायचं नाही, आणि डोळ्यांत उडू द्यायचं नाही, चुना भाजतो.) म्हणजे आपल्या श्वासातून जे बाहेर पडतं ते आत घेतलेल्या हवेसारखं नाही, हे डोळ्यांना दिसतं.

मग फ्रान्सच्या लाव्हॉइझिएने सगळ्याला वजनाची शिस्त लावली, आणि १८०३ पासून मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने अणूंची कल्पना वजनांना जोडली. डाल्टन हवामानाच्या रोज नोंदी ठेवणारा माणूस, हवेत वाफ कशी सामावते याचा विचार करता करता तो अणूंपर्यंत आला. पण पाण्याच्या एका कणात हायड्रोजन किती आणि ऑक्सिजन किती हे ठरवायला त्याच्याकडे काही मार्गच नव्हता, म्हणून त्याने सगळ्यात साधं धरलं, एकास एक. एच टू ओ नाही, नुसतं एच ओ.

आता खरा पेच. ३१ डिसेंबर १८०८ ला पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकने सांगितलं की वायू एकमेकांशी जोडले जातात तेव्हा त्यांची घनफळं अगदी छोट्या पूर्ण संख्यांत असतात. २ लिटर हायड्रोजन, १ लिटर ऑक्सिजन, आणि त्यातून वाफ होते २ लिटर. तीन नाही, दोन. मुलीला वही-पेन घेऊन बसवा आणि हे करून घ्या : समजा सारख्या घनफळात सारखे कण आहेत आणि एका लिटरमध्ये १०० कण आहेत. मग ऑक्सिजनचे कण झाले १०० आणि तयार झालेल्या वाफेचे २००. वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन तर पाहिजेच, त्याशिवाय ते पाणीच नाही. मग १०० कण २०० जणांत वाटायचे कसे?

एकच वाट उरते, ऑक्सिजनचा प्रत्येक कण मधोमध फुटला पाहिजे. डाल्टन इथेच अडला, अणू अर्धा होत नाही म्हणजे नाही, त्यामुळे त्याने गे-ल्युसॅकची मापंच ढोबळ आहेत असं ठरवून टाकलं. इटलीतला अ‍ॅव्होगॅड्रो, जो शिक्षणाने वकील आणि पुढे व्हर्चेली नावाच्या गावात फिजिक्स शिकवणारा, तो म्हणाला की फुटतोय तो अणू नाहीच, ऑक्सिजनचा कण मुळातच जोडीचा आहे. दोन अणू मिळून एक रेणू. असंच १ लिटर हायड्रोजन आणि १ लिटर क्लोरीन मिळून २ लिटर हायड्रोजन क्लोराइड होतो, म्हणजे हायड्रोजनही जोडीचा आणि क्लोरीनही. बघा, मायक्रोस्कोप नाही, काही नाही, नुसत्या बाटलीवरच्या रेघा वाचून माणूस रेणूच्या आत किती अणू आहेत इथपर्यंत पोचला. मला यापेक्षा सुंदर युक्तिवाद अख्ख्या केमिस्ट्रीत दुसरा सापडलेला नाही, आणि तो मुलांना पाठ करायला एका ओळीत देतात याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : कळवा पुलावरून खाडीत ओहोटीच्या वेळी बघितलं तर चिखलातून बुडबुडे येताना दिसतात. तो कसला गॅस? घाणीचा म्हणून सोडून द्यायचा का? — एक वाचक, कळवा

उत्तर : खारफुटीची पानं, काड्या, आणि आपण शहरवाले खाडीत सोडतो ते सगळं काळ्या चिखलात गाडलं जातं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ते कुजवतात. त्यातून मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि खाऱ्या चिखलात हायड्रोजन सल्फाइडही बराच, सडक्या अंड्याचा जो वास येतो तो त्याचा. मिथेनला स्वतःचा वास नसतो.

या बुडबुड्यांनी केमिस्ट्रीत मोठं काम केलंय. पुढे बॅटरीसाठी गाजलेला व्होल्टा १७७६ मध्ये मॅज्योरे नावाच्या सरोवराच्या काठी दलदलीत काठी ढवळून ढवळून हेच बुडबुडे बाटलीत भरत होता, आणि हा जळणारा वायू हायड्रोजनपेक्षा वेगळा आहे हे त्याने दाखवलं. नंतर डाल्टननेही तळ्यांवर जाऊन तो गोळा केला आणि इथिलीन या कार्बन-हायड्रोजनच्याच दुसऱ्या वायूशी ताडून बघितला, तर तेवढ्याच कार्बनला मिथेनमध्ये हायड्रोजन बरोब्बर दुप्पट निघाला, पावणेदोनपट नाही की सव्वादोनपट नाही. अणू पूर्णच लागतात, तुकड्यांत नाही, या त्याच्या म्हणण्याला यातून फार बळ मिळालं. पण तुम्ही पुलावरूनच बघा, चिखलात उतरू नका, तिथे पाय रुततो आणि त्या सडक्या वासाचा वायू जास्त प्रमाणात विषारी असतो.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. अ‍ॅव्होगॅड्रोचं बरोबर होतं तर १८६० पर्यंत लोकांनी मानलं का नाही? पन्नास वर्षं! तेव्हाचे सायंटिस्ट एवढे हट्टी होते का? — एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : हट्ट होता थोडा, पण नुसता हट्ट म्हणून सोडून दिलंस तर तुला यातलं खरं काही कळणार नाही. त्यांच्याकडे नकार द्यायला चांगली कारणं होती, ती आधी समजून घे.

पहिलं कारण बर्झेलियस. स्वीडनचा हा माणूस त्या काळातला सगळ्यात वजनदार केमिस्ट, आणि त्याचं म्हणणं होतं की अणू एकमेकांना धरतात ते विजेमुळे, एक धन आणि एक ऋण. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन एका टोकाला आणि ऑक्सिजन दुसऱ्या टोकाला जातो हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. मग हायड्रोजनचे दोन सारखे अणू एकमेकांना कसे धरतील? ते तर एकमेकांना दूर ढकलायला पाहिजेत. या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅव्होगॅड्रोकडे नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनची जोडी कळेपर्यंत कोणाकडेच नव्हतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८२६ पासून फ्रान्समध्ये ड्युमाने वेगवेगळ्या पदार्थांच्या वाफेची घनता मोजायला सुरुवात केली, म्हणजे अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम लावून अणूंची वजनं काढता येतील, आणि उत्तरं आली भलतीच. पाऱ्याचा अणू अपेक्षेच्या निम्मा, फॉस्फरस दुप्पट आणि गंधक तर तिप्पट! ड्युमा स्वतःच वैतागला. आज आपल्याला माहीत आहे की पाऱ्याच्या वाफेत एकेक सुटा अणू असतो, फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा, आणि ड्युमाने मोजलं त्या तापमानाला गंधकाच्या वाफेचा हिशोब सहा अणूंचा येतो. सगळेच ऑक्सिजनसारखे जोडीने असतात असं धरलं की गणित फिसकटणारच. नियम बरोबर होता, चूक होती ती 'सगळे सारखेच असणार' या न बोलता धरलेल्या गृहीतकात. गोडँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८३३ मध्ये हे जवळजवळ असंच मांडलंसुद्धा, पण कोणी लक्ष दिलं नाही.

याचा परिणाम काय झाला तर प्रत्येकाची अणुभारांची, म्हणजे अणूंच्या एकमेकांच्या तुलनेतल्या वजनांची, वेगळी यादी, कोणी कार्बन ६ धरतंय, कोणी १२, कोणी पाणी एच ओ लिहितंय. जर्मन केमिस्ट केकुलेने पुढे १८६१ मध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, लोक वापरत असलेली १९ वेगवेगळी सूत्रं दाखवली. शेवटी ३ ते ५ सप्टेंबर १८६० ला जर्मनीत कार्ल्सरूह इथे युरोपभरचे केमिस्ट जमले. तिथे इटलीच्या कानिझारोने अ‍ॅव्होगॅड्रोची बाजू मांडली आणि त्याचा १८५८ चा छोटा लेख शेवटी सगळ्यांना वाटण्यात आला.

कानिझारोची पद्धत वहीत करून बघ. कार्बन असलेले जेवढे वायू मिळतील तेवढे घ्यायचे, घनतेवरून प्रत्येकाचा रेणुभार, म्हणजे रेणूचं तसंच तुलनेतलं वजन, काढायचा आणि त्यात कार्बनचा वाटा किती ते बघायचं. मिथेन १६, त्यात कार्बन १२. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यातही १२. इथिलीन २८, त्यात २४. कितीही वायू घेतले तरी १२ च्या खाली कधी जात नाही आणि येतो तो १२ च्याच पटीत येतो. मग कार्बनचा अणुभार १२, विषय संपला. तिथे आलेल्या लोथर मायर या जर्मन केमिस्टने परतीच्या वाटेवर तो लेख वाचला आणि पुढे लिहिलं की डोळ्यांवरचं झापड गळून पडलं. तिथेच २६ वर्षांचा मेंडेलीव्हही होता, आणि ही अणुभारांची यादी हातात आल्यामुळेच १८६९ ची आवर्तसारणी होऊ शकली. अ‍ॅव्होगॅड्रो हे बघायला नव्हता, तो १८५६ लाच गेला.

आणि एक गोष्ट, जी इथल्या मुलांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. गॅसचे रेणू सतत सगळीकडे धावत असतात, भांड्याच्या भिंतीवर आपटतात तोच दाब, आणि एका तापमानाला हलके रेणू जास्त वेगाने पळतात तर जड हळू, हे सगळं गणित मांडून जॉन जेम्स वॉटरस्टन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं, आणि ते त्याने लिहिलं होतं आपल्या मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेटना तो शिकवायचा. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये पहिली आगगाडी आली तेव्हा हा माणूस मुंबईतच होता. सोसायटीच्या परीक्षकाने शेरा मारला की हे निव्वळ निरर्थक आहे, वाचून दाखवण्याच्याही लायकीचं नाही. लेख दप्तरात पडून राहिला, त्याच्याकडे स्वतःची प्रत नव्हती. क्लॉशियस आणि मॅक्सवेल यांनी तेच काम १८५७ ते १८६० च्या दरम्यान नव्याने केलं आणि त्यांचं नाव झालं, ते योग्यच होतं. वॉटरस्टन १८८३ ला गेला. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाला तो लेख दप्तरात सापडला आणि १८९२ मध्ये छापला गेला. मला ही गोष्ट जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा राग येतो, कारण त्याच्या गणितातून अ‍ॅव्होगॅड्रोचा नियम आपोआप बाहेर पडत होता, कार्ल्सरूहच्या पंधरा वर्षं आधी.

प्रश्न : मॅडम, आम्ही जुन्या घरातून घोडबंदर रोडला राहायला आलो. तिकडे सिलेंडर होता, आता पाइप गॅस आहे. पूर्वी सांगायचे की गॅस लीक झाला की जमिनीलगत बसतो. इथे डिटेक्टर लावायला आलेला मुलगा म्हणतो वर, छताजवळ लावायचा. तो चुकतोय का? — एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : नाही काका, तो मुलगा बरोबर सांगतोय, आणि पूर्वी तुम्हाला सांगणारेही बरोबर होते. दोन्ही गॅस वेगळे आहेत.

वर जे अ‍ॅव्होगॅड्रोचं आलं तेच इथे कामाला येतं. सारख्या जागेत रेणू सारखेच, मग जो रेणू जड तो गॅस जड, दुसरं काही बघायलाच नको. हवेचा सरासरी रेणुभार साधारण २९. सिलेंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८, म्हणजे हवेच्या दीडपट ते दुप्पट, म्हणून तो खाली उतरतो, ओट्याखाली, मोरीच्या जाळीत साचून राहतो. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, वर कळव्याच्या वाचकांनी विचारलेल्या बुडबुड्यांतलाच वायू, रेणुभार १६, हवेच्या निम्म्याहून थोडा जास्त, तो वर चढतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर वर आणि पाइप गॅसचा छतापासून फूटभर खाली. (याच हिशोबाने दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू १८ चा. जूनमध्ये घामाघूम होताना 'हवा जड झालीय' म्हणतो तेव्हा ती खरं तर हलकी झालेली असते.)

जुना एलपीजीचा डिटेक्टर सोबत आणला असेल तर तोच काढून वर लावू नका, तो मिथेनसाठी आहे का हे आधी त्यावर वाचून घ्या. आणि गॅसचा वास आला, तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, तर पंखा किंवा एक्झॉस्ट लावायला स्विचला हात लावायचा नाही, लावलेला असेल तर बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्हीत पडते. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, पाइप गॅस असल्याने वरच्या खिडक्या, व्हेंटिलेटर आधी उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि मग बाहेरूनच गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा. तो नंबर बिलावर छापलेला असतो, आजच दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.